पिक्चर कसा सांगावा?

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलनात एका ज्येष्ठ सभासद भगिनींनी केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याच्या ओघातली भाषा बहुतेक तशीच ठेवली आहे.)



मी फार वेळ घेणार नाही. माझ्यानंतर मुलांचा डान्स आहे आणि त्यानंतर जेवण आहे, हे मला चांगलं ठाऊक आहे.

सचिवसाहेबांनी आठ दिवसांपूर्वी विचारलं, "बाई, तुम्ही कशावर बोलाल?" मी म्हटलं, "सहकारावर अध्यक्ष बोलतील, पाण्याच्या टाकीवर खजिनदार बोलतील. मी पिक्चरवर बोलते." ते हसले. त्यांना वाटलं, मी थट्टा करते आहे. पण तुम्हीच सांगा, या पंचवीस वर्षांत आपण जिन्यात, गच्चीवर, गेटपाशी उभं राहून सगळ्यात जास्त कशावर बोललो? मेंटेनन्स, पाणी, पार्किंग. आणि चौथा विषय पिक्चर. पहिल्या तिन्ही विषयांवर बोलताना आवाज चढतो आणि कोणीतरी सभा सोडून जातं. चौथ्यावरही आवाज चढतो, पण उठून कोणी जात नाही. "तुम्हाला त्यातलं काही कळलंच नाही जी" असं म्हणत दुसरा चहा मागवतात.

म्हणून म्हटलं, या चौथ्या विषयाचीही स्मरणिकेत नोंद राहू द्या.

जुन्या सभासदांना २००१ सालचा उन्हाळा आठवत असेल. घरं ताब्यात मिळून वर्षही झालं नव्हतं. जिन्याला कठडे नवे, माणसं एकमेकांना नवी. आडनावानं हाक मारायची की नावानं, तेही ठरलं नव्हतं. आणि १५ जूनला एकाच दिवशी दोन पिक्चर लागले, 'लगान' आणि 'गदर'. झालं! 'अ' विंग एकीकडे, 'ब' विंग दुसरीकडे. कारखान्यातल्या भाऊंनी 'गदर' तीनदा बघितला आणि हँडपंप उपटण्याचा प्रसंग पार्किंगमध्ये करून दाखवला. आमच्याकडचे म्हणाले, 'लगान' पावणेचार तासांचा आहे, पण मॅच सुरू झाली की घड्याळ आठवत नाही. त्या भांडणातच आमची ओळख झाली. कोण तापट, कोण समजूतदार, कोणाला गाणी पाठ, कोणाचा नवरा तिकिटाचे पैसे काढताना कुरकुरतो, सगळं त्या महिन्यात कळलं.

मग व्हीसीडीचे दिवस आले. एक पिक्चर दोन सीड्यांत यायचा आणि दुसरी सीडी नेमकी शेवटाच्या जवळ अटकायची. ज्याने टॉकीजमध्ये बघितला असेल तो उठून उरलेला भाग तोंडी सांगायचा. तेव्हा भाड्याने आणलेली सीडी एका दिवसात चार घरं फिरून परत जायची. सीडी देताना हातात देऊन सांगावं लागायचं: "वहिनी, हा रात्री लावा, मुलं झोपल्यावर." किंवा, "हा लावूच नका, पैसे गेले आमचे."

नंतर घरोघरी डिश आल्या. नागपूरला मॉल झाले, तिथे मल्टिप्लेक्स आले. साठ किलोमीटर जायचं, पिक्चर बघायचा, जेवायचं आणि परत यायचं, अशी चाल पडली. २०१६ नंतर मोबाइलवर नेट स्वस्त झालं आणि एकेका घरात चार माणसं चार पडद्यांवर चार पिक्चर बघू लागली. सगळ्या इमारतीने एकाच वेळी एकच गोष्ट बघितली, असा शेवटचा प्रसंग मला २०२० चा आठवतो. मार्चअखेरीस लॉकडाऊन लागला आणि दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवायला घेतलं. सकाळी नऊ आणि रात्री नऊ. मी खिडकीत उभी राहिले तरी खालच्या तिन्ही घरांतून संवाद ऐकू यायचे. कोणी कोणाकडे जाऊ शकत नव्हतं, पण संपल्यावर सगळे आपापल्या बाल्कनीत येऊन बोलायचे.

आता बाल्कनीतलं बोलणं ग्रुपवर गेलं. तिथे रोज पिक्चरचं नाव येतं. खाली लिहिलेलं असतं, "मस्ट वॉच". त्याखाली आठ अंगठे. बस्स. कोणी सांगितलं, का सांगितलं, कोणाला सांगितलं, काही पत्ता नाही. मला आज याच्यावर बोलायचं आहे. पिक्चर सांगणं म्हणजे शेजारधर्म आहे. वाटीभर भाजी द्यायला जातो तेव्हा आपण विचारतो ना, "तुमच्याकडे वांगं चालतं का? तिखट झाली आहे, काकूंना जमेल का?" मग तीन तासांची गोष्ट कोणाच्या घरात पाठवताना एवढं तरी विचारावं.

आपल्या झाडीपट्टीला हे नवीन नाही. धान घरात आलं, दिवाळी सरली, की मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्रभर नाटकं चालतात. वडसा म्हणजे देसाईगंज, तिथून नाटक कंपन्या निघतात आणि भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली असे चारही जिल्हे पालथे घालतात. त्याच्या जोडीला दंडार आहे, खडी गंमत आहे. या रंगभूमीवरच्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आपल्याकडच्या किती घरांत पेढे आले होते! माझं माहेर लाखांदूरकडचं. लहानपणी मी नाटकापेक्षा दुसऱ्या दिवशीची सकाळ जास्त ऐकली आहे. चहाच्या टपरीवर रात्री जागलेली माणसं बसायची आणि ज्यांना जाता आलं नाही त्यांना सांगायची. काय सांगायची? "मस्त होतं" एवढंच नाही. "पोरीनं गाणं झकास म्हटलं, बापाचं काम करणारा मात्र भाषणच ठोकत होता. तिसऱ्या अंकात झोप आली जी. पण आज रात्री बाजूच्या गावी आहे, तर म्हातारीला घेऊन जा, तिला रडायला आवडते."

त्या एका वाक्यात बघा किती आहे. काय चांगलं, काय वाईट, कुठे कंटाळा येईल, आणि कोणाला घेऊन जावं. सांगणाऱ्याला नाटकही माहीत आणि म्हातारीही माहीत. ग्रुपवरच्या अंगठ्याला म्हातारी माहीत नसते.

आता मी अलीकडे बघितलेले काही सांगते. मी निवृत्त बाई, वेळ भरपूर. माझं मत हे फक्त माझं मत आहे. पटलं तर घ्या.

आधी आपल्या भाषेतले. विदर्भाची बोली पडद्यावर आली की पूर्वी ती नोकराच्या नाहीतर विनोदी माणसाच्या तोंडी असायची. 'नाळ' २०१८ मध्ये आला आणि त्यातलं पोरगं आईशी बोलायला लागलं, तेव्हा टॉकीजमध्ये माझ्या शेजारच्या बाईने माझा हात धरला. म्हणाली, "आपल्यासारखंच बोलते की हो!" सुधाकर रेड्डी यक्कंटी हे मुळात छायाचित्रणकार, त्यांनी दिग्दर्शित केलेला हा पहिलाच पिक्चर. चैत्याचं काम करणारा श्रीनिवास पोकळे अमरावतीचा. त्याला बालकलाकाराचा राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला. गोष्ट एवढीच, की एका आठ वर्षांच्या मुलाला त्याच्या आईबद्दल एक गोष्ट कळते. काय कळते ते मी सांगणार नाही. देविका दफ्तरदार यांनी त्या आईचं काम असं केलं आहे की त्यानंतर आपण आपल्या आईला फोन लावतो. मुलांसोबत बघा. पण ज्या घरात मूल दत्तक घेतलं आहे आणि अजून सांगायचं आहे, तिथे आधी मोठ्यांनी बघा, मग ठरवा.

'झुंड' २०२२ चा. नागपूरच्या विजय बारसे सरांनी झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉलला लावलं, त्यावरून नागराज मंजुळे यांनी केलेला. अमिताभ बच्चन आहेत, पण खरे हिरो ती नागपूरची पोट्टी आहेत. माझं मत विचाराल तर पहिला अर्धा भाग एक नंबर, पहिली मॅच तर दोनदा बघावी. पुढे जरा लांबतो. आमच्याकडे यावरून वाद झाला. मी म्हटलं, ते कागदपत्रांचे प्रसंग छाटायला हवे होते. तर कलेक्टर ऑफिसमधून निवृत्त झालेले आपले शेजारी म्हणाले, "बाई, तुम्ही खिडकीच्या बाहेर कधी उभ्या राहिल्या नाहीत. मी तीस वर्षं आतून बघितलं आहे. एका दाखल्यासाठी बापलेक कसे फिरतात ते त्यात आहे, तेवढंच मला खरं वाटलं." मला तो भाग अजूनही लांबलेलाच वाटतो. पण त्यांच्या डोळ्यांनी बघितला असता तर काय दिसलं असतं, तेही कळलं. पिक्चरवर बोलायचं ते यासाठी.

आणि आता 'स्थळ'. याच्यावर मी जरा थांबणार आहे.

जयंत दिगंबर सोमलकर यांचा हा पिक्चर. चंद्रपूर जिल्ह्यातल्या डोंगरगावात, तिथल्याच माणसांना घेऊन केला. २०२३ मध्ये टोरांटोच्या महोत्सवात त्याला नेटपॅक पुरस्कार मिळाला आणि मार्च २०२५ मध्ये तो आपल्याकडे टॉकीजला लागला. सविता नावाची मुलगी आहे. नंदिनी चिकटे या मुलीने ते काम केलं आहे. कॉलेजात शिकते, पुढे स्पर्धा परीक्षा द्यायची आहे. बाप कापूस पिकवतो. आणि घरी एकामागून एक पाहुणे येतात. पाट मांडला जातो, मुलगी येऊन बसते. नाव काय, शिक्षण किती, उंची किती, छंद काय. पुन्हा पाहुणे, पुन्हा पाट, पुन्हा तेच प्रश्न. दिग्दर्शकाने मुद्दाम तेच तेच दाखवलं आहे. तिसऱ्या वेळेला हसू येतं, चौथ्या वेळेला येत नाही.

हा पिक्चर मी ग्रुपवर टाकला नाही. आमच्या भिशीतल्या बायकांना एकेकीला भेटून सांगितला. म्हटलं, मारामारी नाही, गाणी नाहीत, हळू आहे, पण आपल्या घरातला आहे, बोली आपल्या झाडीच्या जवळची आहे. आठ जणी तयार झाल्या. गाडी केली, नागपूरला गेलो. जाताना गाण्याच्या भेंड्या चालल्या होत्या. येताना मौदा येईपर्यंत कोणी बोललं नाही. ड्रायव्हरभाऊंनी विचारलं, "काय झालं काकू, पिक्चर बेकार होता का?"

मग आमच्यातली एक म्हणाली, "आमच्याकडे येत्या रविवारी पाहुणे येणार आहेत."

(तिच्या परवानगीने सांगते आहे. नाव घेणार नाही. ओळखणारे ओळखतील, तर ओळखू द्या, ती म्हणाली.)

आठ जणींनी आपापला पाट आठवला त्या गाडीत. एकीला चालून दाखवायला लावलं होतं. एकीला केस सोडून दाखवायला. एकीला तर विचारलं होतं, चष्मा जन्मापासून आहे का? आम्ही या गोष्टी पंचवीस वर्षांत एकमेकींना कधी सांगितल्या नव्हत्या. पाणी किती वेळ येतं हे रोज सांगतो आपण. हे नाही सांगत.

रविवारी पाहुणे आले. पण पाट नव्हता. मुलगी खुर्चीवर, मुलगा समोरच्या खुर्चीवर. पोहे वडिलांनी आणले. मुलाकडच्यांनी चार प्रश्न विचारले, मुलीनेही चार विचारले. तुमची नोकरी कायम आहे का? लग्नानंतर मी परीक्षा दिली तर चालेल का? तुम्हाला स्वयंपाक येतो का? पाहुणे जरा गडबडले, पण चांगली माणसं होती, उत्तरं दिली. ते स्थळ जमलं नाही. दोन्हीकडून नाही आलं. पण त्यांच्या घरात पहिल्यांदा असं झालं की निरोप येण्याची वाट न बघता आधी मुलीला विचारलं, "तुला काय वाटलं?" तिने त्या वर्षी परीक्षा दिली. निकालाचं तिचं ती सांगेल.

पिक्चरने हे केलं, असं मी म्हणत नाही. घरात ती धग आधीपासून असेल. पण पिक्चर सोबत बघितला आणि परतीच्या वाटेवर त्यावर बोलणं झालं, म्हणून ते तोंडातून बाहेर आलं. एकेकीने मोबाइलवर एकटीने बघितला असता तर डोळे पुसले असते आणि भात लावला असता.

आता दुसरी बाजू. काय सांगू नये.

२००४ मध्ये 'श्वास' आला. 'श्यामची आई'नंतर पन्नास वर्षांनी मराठीला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मिळालं, ऑस्करसाठीही तो भारताकडून गेला. ज्याच्या त्याच्या तोंडी एकच, "श्वास बघाच!" नातवाच्या डोळ्याचं ऑपरेशन, त्यात त्याची दृष्टी जाणार, आणि ते त्याला सांगायचं कसं, या विचारात पडलेले आजोबा. अरुण नलावडे काय बोलले आहेत नुसत्या चेहऱ्याने! पण तेव्हा आपल्याच इमारतीत एका घरात लहान मुलाचं ऑपरेशन ठरलं होतं. आम्ही तिघी-चौघींनी ठरवलं, त्यांच्यासमोर नाव काढायचं नाही. मूल बरं होऊन घरी आलं, शाळेत जायला लागलं, मग सांगितलं. चांगला पिक्चर कुठे पळून जात नाही.

'छावा' गेल्या वर्षी आला. आपल्या घराघरांतून लोक गेले, जयजयकार करत परतले. इतिहास मुलांना कळावा हे खरं. पण शेवटचा अर्धा तास लहानांना झेपणारा नाही. पहिलीतल्या एका मुलीला दोन रात्री झोप आली नाही. मोठ्यांना सांगताना हे आधी सांगायला हवं होतं ना कोणीतरी?

पण मी हा नियम सांगते आणि हा नियम मोडलेलाही बघितला आहे.

तळमजल्यावरचे आपले काकाजी समोर बसले आहेत. त्यांनी स्वतःच सांगितलं, "बोल बाई, मला काही नाही." काकू गेल्या, त्यानंतर चार महिने काकाजी कोणाशी बोलत नव्हते. आम्ही सगळे त्यांना विनोदी पिक्चर सांगत होतो. हा बघा, तो बघा, मन रमेल. ते "हो जी" म्हणायचे आणि टीव्ही बंदच. मुलगा पुण्याला. तो म्हणत होता, घराला कुलूप लावा आणि इकडे या.

तर वरच्या मजल्यावरचा आपला चौथीतला पोट्टा एक दिवस टॅब घेऊन खाली गेला. म्हणाला, "आजोबा, यात पण एक आजोबा आहेत. ते फुगे लावून घर उडवतात." तो कार्टूनचा पिक्चर म्हणजे 'अप', २००९ चा. ज्यांनी बघितला आहे त्यांना माहीत आहे की सुरुवातीलाच त्या आजोबांची बायको जाते. त्याच्या आईला कळलं तेव्हा ती धावत खाली गेली. तोपर्यंत उशीर झाला होता. भाषा इंग्रजी, पण ती पहिली काही मिनिटं बोलणंच नाही, नुसता त्या दोघांचा संसार. काकाजी बघत बसले होते आणि पोरगं शेजारी बसून पुढचं समजावून सांगत होतं.

त्यांनी तो पूर्ण बघितला. दुसऱ्या दिवशी पोराला बोलावून पुन्हा बघितला. मला जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "घर उचलून नेता आलं असतं तर मी पुण्याला गेलो असतो जी." त्या दिवशी ते काकूंबद्दल पहिल्यांदा बोलले, पाऊण तास, जिन्यात उभ्या उभ्या. पुढे मुलगा पंधरा दिवस येऊन राहिला, बापलेकांचं काय बोलणं झालं ते झालं. घराला कुलूप लागलं नाही, हे तुम्ही बघताच आहात.

आम्ही मोठी माणसं त्यांना हसवायच्या मागे होतो. पोराने एवढंच बघितलं की यात आजोबा आहेत आणि आपल्या खालीही आजोबा आहेत. आणि मुख्य म्हणजे, तो नाव सांगून निघून गेला नाही. शेजारी बसला.

तेव्हा माझं म्हणणं थोडक्यात. पिक्चर सांगताना तीन गोष्टी सांगा. एक, कोणासाठी आहे. दोन, त्यात काय सोसावं लागेल: लांबी, रडणं, रक्त, शिव्या, कंटाळा, जे असेल ते. तीन, तुम्हाला स्वतःला त्यातलं काय आवडलं, एकच गोष्ट, पण तुमची स्वतःची. यूट्यूबवरच्या माणसाची नको. आणि शेवट सांगू नका. 'वाळवी' बघून आलेल्या एका गृहस्थांनी पार्किंगमध्येच शेवट सांगून टाकला. २०२३ चा तो पिक्चर, सगळी मजा पुढे काय होईल यातच. चार घरांची मजा गेली. त्यांचं नाव मी घेत नाही, पण ते आता मान खाली घालून बसले आहेत.

आणि दुसऱ्याच्या आवडीला नाक मुरडू नका. 'बाईपण भारी देवा'ला आपल्या बायका नऊवारी नेसून गेल्या तेव्हा काही पुरुष मंडळींनी टोमणे मारले. सहा बहिणींची गोष्ट, मंगळागौरीची स्पर्धा, त्यात काय आहे म्हणे. त्यात काय आहे ते घरी जाऊन विचारा. ज्या बाईने पन्नास वर्षांत स्वतःसाठी तिकीट काढलं नव्हतं, तिने काढलं.

आता माझी छोटीशी यादी. लिहून घ्यायची गरज नाही, स्मरणिकेत छापून येईल.

सगळ्या घराने मिळून बघायचा असेल तर 'लापता लेडीज', २०२४ चा. घुंघटामुळे ट्रेनमधून दुसऱ्याचीच नवरी घरी येते. हसवत हसवत पुष्कळ सांगतो. सासूसुनांनी एकत्र बघावा, मध्ये वाद झाला तर आणखी चांगलं.

स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्या मुलांसाठी '१२वी फेल'. पण पालकांनो, तो दाखवून "बघ, तो कसा पास झाला" असं म्हणू नका. तो किती वेळा नापास झाला ते बघा, आणि तेव्हा त्याच्या पाठीशी कोण उभं राहिलं, तेही बघा.

कोका-नागझिऱ्याच्या बाजूने ज्यांची शेती आहे, आणि वनखात्यात जे आहेत, त्यांच्यासाठी 'शेरनी', २०२१ चा. विद्या बालन वन अधिकारी झाली आहे. वाघीण फार दिसत नाही, त्यामुळे मुलं कंटाळतील. पण वाघ गावाजवळ आला की गावात, ऑफिसात आणि राजकारणात काय काय होतं, ते आपल्या जिल्ह्यातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागणार नाही.

धीर असेल तर 'कोर्ट'. चैतन्य ताम्हाणे यांचा, २०१५ मध्ये लागला होता. त्यात शाहिराचं काम करणारे वीरा साथीदार आपल्या नागपूरचे, २०२१ मध्ये करोनाने गेले. पिक्चर अगदी सावकाश चालतो, तारखा पडत राहतात. ज्यांची जमिनीची केस कोर्टात आहे त्यांना तो सावकाश वाटणार नाही.

आणि ज्येष्ठ मंडळींसाठी 'दशावतार', सप्टेंबर २०२५ चा. दिलीप प्रभावळकर, वय ८१, आणि काम बघा! कोकणातला म्हातारा दशावतारी कलावंत, नजर अधू झालेली, तरी रंग लावायचा सोडत नाही. उत्तरार्धात गोष्ट जरा फिल्मी होते, असं माझं मत. पण तो बघून घरी येताना मला आपले झाडीपट्टीचे म्हातारे नट आठवले. त्यांच्यावरही असा मोठा पिक्चर निघावा. या पहिल्या रांगेतलं कोणी मोठं होऊन काढेल, तर मी तिकीट काढून येईन. जिवंत असले तर.

आता कार्यकारिणीकडे एक मागणी, फार खर्चाची नाही. गेटजवळच्या नोटीस बोर्डवर पाण्याच्या आणि थकबाकीच्या सूचना असतात. त्याच्या बाजूला हातभर जागा द्या. दर रविवारी एका घराने एक कागद लावायचा: काय बघितलं, कोणासाठी आहे, काय सोसावं लागेल. खाली घराचा नंबर लिहायचा, म्हणजे भांडायला कुठे जायचं ते कळेल. २४ घरं आहेत, एकेका घराची वर्षातून दोनदा पाळी येईल. मुलांचीही पाळी धरा. थकबाकीदारांनी पिक्चर सांगितला तर चालेल का, हे सचिवसाहेबांनी ठरवावं.

आणि दुसरी मागणी तुम्हा सगळ्यांना. पुढच्या वेळी कोणाला "बघाच" म्हणाल, तेव्हा जमलं तर विचारा, "आमच्याकडे येता का बघायला?" आपल्या इमारतीत एकट्याने राहणारी पाच घरं आहेत. मी मोजली आहेत. त्या घरांत टीव्ही आहे, नेट आहे, सगळं आहे. मध्ये थांबवून "आत्ता हा काय म्हणाला?" असं विचारायला कोणी नाही.

मुलांचा डान्स सुरू होऊ द्या. रौप्यमहोत्सवाच्या सर्वांना मनापासून शुभेच्छा. ज्यांनी या पंचवीस वर्षांत आम्हाला पिक्चर सांगितले, आणि जे आज आपल्यात नाहीत, त्यांचीही आठवण करते.